भरताच्या वांग्यातलं बी का उगवत नाही?

तुम्ही विचारलंय की चंपाषष्ठीला भरतासाठी आणलेल्या वांग्यातलं बी काढून कुंडीत लावलं, रोज पाणी घालताय, तरी तीन आठवड्यांत एक कोंब नाही. मग चुकलं काय? तुम्ही साताऱ्यात, मी सांगलीजवळ कृष्णाकाठी. आमच्या घरी वांग्याचं बी घरीच धरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली अडचण बियाचीच आहे. भाजीला आणतो ते वांगं कोवळं असतं, त्यातलं बी मऊ आणि पांढरट. ते पिकलेलंच नसतं, उगवणार कुठून? बियाचं वांगं झाडावरच राखावं लागतं. जांभळा रंग उतरून ते पिवळट-तांबूस होतं, साल राठ होते. माझी आई अशा वांग्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे तोडणीच्या बायका त्याला हात लावत नसत. मग ते चिरून पाण्यात कुस्करायचं. तळाला बसतं ते भरीव बी ठेवायचं, तरंगणारं टाकून द्यायचं, आणि सावलीत खडखडीत वाळवायचं. तेही लगेच पेरू नका, दोनेक महिने ठेवलं की उगवण चांगली होते. बियाचं वांगं गावरान जातीचंच घ्या. संकरित वांग्याचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत.

एवढं सगळं आत्ता शक्य नसेल तर कृषी सेवा केंद्रातून पुडी आणा, पाकिटावरची मुदत तेवढी बघून घ्या.

दुसरी अडचण थंडीची. वांग्याच्या बियाला माती २५ ते ३० अंश उबदार लागते. तेवढी ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसांत उगवतं. थंडीत कुंडीतली माती रात्रभर गार पडते, वर तुम्ही रोज पाणी घालताय. गार आणि ओल्या मातीत बी नुसतं पडून राहतं आणि शेवटी कुजतं.

म्हणून हिवाळ्यात मी बियाला आधी मोड आणते, मटकीला आणतो तसेच. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, सकाळी ओल्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधून झाकणाच्या डब्यात घालायचं आणि डबा स्वयंपाकघरात उबेला ठेवायचा. फडकं दमट हवं, पिळल्यावर पाणी गळता कामा नये. रोज एकदा उघडून बघा. चार-सहा दिवसांत बियाच्या कडेला पांढरा टिंब दिसतो, तेव्हाच पेरा. मूळ लांबू दिलं तर ते फडक्याच्या धाग्यात अडकून तुटतं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते भिजवू नका, थेट पेरा आणि हात धुवा.

नुसती काळी माती घेऊ नका, ती वरून आवळते आणि कोंबाला फुटून येता येत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळा. बी अर्धा सेंटीमीटर खोल, त्याहून खाली नको. पाणी फवाऱ्याने, तेही वरचा थर सुकल्यावरच. रोपं उगवून मग बुडाशी बारीक होऊन मान टाकतात, ती मर. जास्त पाण्यानेच बहुतेक वेळा येते.

कोंब वाकडी मान करून वर येतो. कधी कधी बियाचं टरफल टोपीसारखं पानांवर अडकून बसतं. ते ओढून काढू नका, पाने तुटतात. पाण्याचा एक थेंब सोडा, मऊ झालं की आपोआप गळतं. तेव्हापासून मात्र भरपूर ऊन द्या, सावलीत रोप लांबट आणि लेचंपेचं होतं. पाच-सहा आठवड्यांत वीतभर झालं की संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत लावा.

आणि आत्ताची कुंडी उपसण्याआधी एक-दोन बिया उकरून चिमटीत दाबून बघा. पिचल्या तर त्यांची आशा सोडा. टणक असतील तर पाणी थांबवून कुंडी दिवसभर उन्हात आणि रात्री घरात ठेवा, अजून आठ दिवस वाट बघण्यासारखी आहे.