डॉक्टरांच्या स्क्रीनमागची नोकरी

प्रश्न : मुलगी फार्म.डी.च्या पाचव्या वर्षाला आहे. डॉक्टरांना उपचार ठरवताना लागणारी माहिती तयार करून विकणाऱ्या कंपन्या असतात आणि तिथे फार्मसीवाल्यांना घेतात, असं तिची सीनियर सांगते. एक क्लासवाला म्हणतो, त्यासाठी आधी 60,000 रुपयांचा मेडिकल कोडिंगचा कोर्स हवाच. पैसे भरू का? आणि या क्षेत्राला भवितव्य आहे का? – एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. या कामासाठी म्हणून तरी ते पैसे भरू नका. कोडिंग म्हणजे रुग्णाचे कागद वाचून आजाराला आणि प्रक्रियेला ठरावीक कोड लावणं. आपल्याकडे येणारं ते काम मुख्यतः अमेरिकेतल्या बिलिंगचं आणि विम्याचं असतं. सीनियर सांगते ते क्लिनिकल डिसिजन सपोर्ट, आणि तिथली परीक्षा वेगळी.

या बाजारातलं ओळखीचं नाव यूपटूडेट, म्हणजे डॉक्टरांनी उपचार ठरवताना उघडून वाचायची ऑनलाइन माहिती. डॉ. बर्टन रोझ यांनी 1992 मध्ये सुरू केलेलं हे काम 2008 मध्ये वोल्टर्स क्लुवरने विकत घेतलं. त्याच्याच रांगेत बीएमजे बेस्ट प्रॅक्टिस, डायनामेड, एल्सेव्हियरचं क्लिनिकलकी. औषधांच्या बाजूला लेक्सिकॉम्प (आता त्याचं नाव यूपटूडेट लेक्सिड्रग) आणि मायक्रोमेडेक्स. मायक्रोमेडेक्स 2016 मध्ये ट्रुवेन या मालक कंपनीबरोबर आयबीएमकडे गेलं आणि 2022 मध्ये मेरेटिव्हकडे. मालक बदलला की टीमही हलतात, हे नोकरी शोधणाऱ्याने धरूनच चालावं.

पैसे मोजतात ते बहुधा हॉस्पिटलं, मेडिकल कॉलेजं आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. विकला जाणारा माल दोन तऱ्हेचा. एक, डॉक्टर उघडून वाचतो तो मजकूर. त्यात शेवटचा शब्द त्या-त्या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांचा असतो, म्हणून फार्म.डी.ला वर चढायला तिथे वाव कमी. दुसरा, सॉफ्टवेअरच्या पोटात बसणारा औषधांचा डेटा, म्हणजे डोस, इंटरॅक्शन (एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम), अॅलर्जी. तुमच्या मुलीची जागा इथे.

एक उदाहरण घ्या. 10 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे एका वेळी 150 मिलिग्रॅम. आपल्याकडे सिरप 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 250 चंही. पहिल्याचे 6 मिली द्यायचे, दुसऱ्याचे 3. ब्रँडचं नाव तेच, फरक शेवटच्या आकड्याचा. डेटा भरताना 250 च्या बाटलीपुढे 125 पडलं, तर सॉफ्टवेअर 6 मिली सांगेल आणि पोराच्या पोटात 300 मिलिग्रॅम जाईल, नेमका दुप्पट डोस. उलटी चूक झाली तर अर्धाच डोस जाईल आणि ताप हटणार नाही. परदेशी डेटाबेसला घटक ओळखता येतो, पण आपले हजारो ब्रँड आणि एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली कॉम्बिनेशनं त्याला पुरती ठाऊक नसतात. प्रत्येक ब्रँड फोडून घटक, मात्रा, स्वरूप आणि देण्याचा मार्ग नोंदवावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, हे तिला आधीच सांगा.

दुसरं काम अलर्टचं, म्हणजे डॉक्टरच्या स्क्रीनवर येणाऱ्या इशाऱ्याच्या चौकटींचं. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध लिहिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तिथे डॉक्टरला थांबवायलाच हवं. पण किरकोळ इंटरॅक्शनलाही तीच लाल चौकट दाखवली, तर आठवड्याभरात डॉक्टर न वाचताच सगळ्या बंद करू लागतो. कुठली चौकट लाल, कुठली पिवळी, कुठली दाखवायचीच नाही आणि दोन ओळींत काय लिहायचं, हे ठरवणाऱ्या माणसाला या धंद्यात किंमत आहे.

म्हणून तयारी अशी. सहाव्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये सहा महिने जनरल मेडिसिन आणि आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने असतात. हॉस्पिटलात औषध माहिती केंद्र असेल तर डॉक्टरांनी विचारलेले खरे प्रश्न तिने तिथून टिपावेत, रुग्णाची ओळख पूर्ण वगळून. त्यातले सहा निवडून प्रत्येकी दीडशे शब्दांचं उत्तर इंग्रजीत लिहावं. रुग्ण कोण, औषध कोणतं, तुलना कशाशी, परिणाम कोणता, हे पहिल्या ओळीत. मग पुरावा किती भक्कम आहे, ते ग्रेड (GRADE) या पुराव्याची प्रत ठरवण्याच्या पद्धतीने. खाली शोधाची तारीख, कारण तारखेशिवाय या बाजारात मजकुराला मोल नाही. पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची सूची) आणि डेलीमेड (अमेरिकेतल्या औषधांची अधिकृत माहितीपत्रकं) फुकट आहेत. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया कॉलेजच्या ग्रंथालयात बघावी. मुलं इथे दोन चुका करतात : शोधनिबंधाचा फक्त अॅब्स्ट्रॅक्ट (सारांश) वाचून निष्कर्ष काढतात, किंवा विकतच्या डेटाबेसमधली वाक्यं उचलतात. दुसरी चूक मुलाखतीत लगेच उघडी पडते.

स्नोमेड सीटी, म्हणजे संगणकासाठीचा वैद्यकीय संज्ञांचा प्रमाणित संग्रह, भारतात वापरायला मोफत आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. संज्ञा कशा जोडलेल्या असतात हे तिने तिथल्या ब्राउझरवर पाहावं. सोबत एक्सेल पक्कं हवं.

भवितव्याचं म्हणाल, तर नुसते सारांश लिहिण्याच्या जागा एआयमुळे आटतील. तपासून ‘हे बरोबर’ म्हणणारा माणूस मात्र लागेल. जागाही मोजक्याच असतात, म्हणून फार्माकोव्हिजिलन्सचे (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामाचे) अर्ज सोबत चालू ठेवा, तयारी बरीचशी तीच आहे. जाहिरातीत कंपनीचं नाव पाहून हुरळू नका. पुण्यातल्या अशा कार्यालयांत पुष्कळ जागा सॉफ्टवेअरवाल्यांच्या असतात. ‘ड्रग इन्फर्मेशन’, ‘क्लिनिकल कंटेंट’, ‘टर्मिनॉलॉजी’ हे शब्द शोधा.

आणि ऑफर आली की पगाराबरोबर तिने हेही विचारावं : नोंदीत चूक सापडली, तर दुरुस्तीला मंजुरी कोण देतं आणि ती हॉस्पिटलपर्यंत किती दिवसांत पोचते? याचं धड उत्तर मिळालं नाही, तर तिथे डेटा एन्ट्रीच करावी लागेल असं समजा.