टीबी वॉर्डातून आल्यावर हात किती वेळा धुवायचे?

"मॅडम, वॉर्डातला आजार मी घरी नेला तर?" नर्सिंगच्या मुली समुपदेशनाला आल्या की हा प्रश्न हमखास निघतो. बहुतेकींची भीती दोन-तीन पोस्टिंगमध्ये निवते. एकीची निवली नाही. तिच्या परवानगीनं, ओळख पटेल ते सगळं बदलून, तिच्याबद्दल लिहिते आहे.

डिसेंबर होता. त्या दिवसांत नागपुरात कुणाच्याही टेबलावर संत्री असतात, तशी माझ्याही होती. एक तिच्यापुढे सरकवलं. "सोलता नाही येत मॅडम, रस झोंबते," म्हणत तिनं ओढणीखालचे हात बाहेर काढले. पेरापेरावर भेगा, मनगटापर्यंत लाल कातडी, दोन ठिकाणी सुकलेलं रक्त.

बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. मेडिकल चौकाजवळ मैत्रिणीसोबत खोली केलेली, वडील भंडाऱ्याकडे धानाची शेती करतात. पदवीनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि मग हैदराबादला जाऊन एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्याची परीक्षा, असं तिनं ठरवलेलं. टीबी वॉर्डात असताना एक पेशंट तिच्या तोंडासमोर खोकलला. तिचा मास्क तेव्हा नाकावरून घसरला होता. त्या रात्रीपासून हात धुणं सुरू झालं, जंतुनाशक टाकलेल्या गरम पाण्यानं. "धुऊन राहिली, पण मन मानूनच नाही राहिलं."

मी विचारलं, "टीबी पसरतो कसा?"

"हवेतून. एअरबोर्न." पुस्तकातलं उत्तर एका दमात आलं.

"मग हात कशासाठी धुतेस?"

ती गप्प झाली. तिला मुद्दा कळला होता, पण नुसतं कळून अशी भीती जात नाही. तिच्याशी वाद घालत बसले असते तर ती घरी जाऊन आणखी चार वेळा हात धुऊन आली असती. मास्क घसरल्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मला जास्त गंभीर वाटलं. सांगितलं तर शेरा बसेल, ही धास्ती. पण सांगितल्याशिवाय तपासणी कशी होणार? दुसऱ्या दिवशी तिनं क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांगितलं. तपासणी झाली, छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, ताप आला, वजन घटलं तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग तिला एका वहीत प्रत्येक धुणं लिहायला सांगितलं, वेळ आणि कारणासकट. पहिल्या दिवशी 38 नोंदी निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं हातांच्या स्वच्छतेसाठी पाच प्रसंग ठरवले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरातल्या स्रावाचा संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या पलंगाला, सामानाला हात लागल्यावर. हे तिला तोंडपाठ. वहीशी लावून पाहिलं तर खोलीवरची बहुतेक धुणी या पाचांत कुठेच बसेनात. साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद, हँड रबला, म्हणजे हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावाला, 20 ते 30. या नियमाला शेवट आहे, आणि तिला नेमका शेवटच सापडत नव्हता. शिवाय भेगाळलेल्या कातडीत जंतूंना थारा मिळतो. तिच्या हातांचा धोका आता पेशंटलाही होता. गरम पाणी बंद, मॉइश्चरायझर सुरू, एवढं त्याच दिवशी ठरवलं.

तिच्या सराव परीक्षेचे पेपर पाहिले तेव्हा मात्र मी चमकले. संसर्ग नियंत्रणातले चुकलेले प्रश्न एकाच साच्याचे. फ्लूच्या पेशंटला साधा सर्जिकल मास्क पुरतो, तिनं एन-95 निवडलेला. एचआयव्ही असलेल्या बाईचं बीपी घ्यायचंय, तिनं हातमोजे आणि गाऊन निवडलेले. "जास्त काळजी घेतली तर चुकलं कसं मॅडम?" या प्रश्नावर आम्ही दोन भेटी घालवल्या. त्याच हातमोज्यांनी पुढच्या पलंगाला हात लावला की जंतूही पुढे जातात. आणि बीपीला गाऊन घालून आलेली नर्स पाहून त्या बाईला काय वाटेल? टीबीसाठी घट्ट बसलेला एन-95, उघड्या खिडक्या आणि पेशंटच्या तोंडावर मास्क लागतो. सी. डिफिसाइलसाठी, म्हणजे जुलाब लावणाऱ्या एका जिवाणूसाठी, साबण-पाणीच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. प्रत्येक जंतूची वाट वेगळी, म्हणून अडवणंही वेगळं.

एवढ्यानं भागलं नाही. धुण्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जात होता, म्हणून मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान मंत्रचळाचं झालं, म्हणजे ओसीडीचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हे नसतं, पण धुणं थांबवता येत नसेल, अभ्यास आणि झोप मोडत असेल, तर परीक्षेनंतर बघू म्हणू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो. तिला औषध सुरू झालं आणि सोबत सराव: खोलीच्या दाराची कडी धरायची, हात न धुता बसून राहायचं, भीती चढते तशी उतरते ते घड्याळात पाहायचं. पहिल्या वेळी ती रडली. तिसऱ्या आठवड्यात वहीत 17 नोंदी होत्या. मध्ये एकदा पुन्हा 30 झाल्या.

परीक्षा अजून व्हायची आहे. मार्चमध्ये ती आली तेव्हा अभ्यासाबद्दल फारसं बोललीच नाही. मेडिसिन वॉर्डात एचआयव्ही असलेल्या एका मावशीचं बीपी घ्यायचं होतं. तिनं हँड रब लावला, कफ बांधला. मावशी तिच्या उघड्या हातांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, हातमोजे नाही घातले?"

"बीपीला नाही लागत, मावशी," ती म्हणाली, आणि आकडा लिहून घेतला.