निवडणुकीतली भडकाऊ जाहिरात म्हणजे राजद्रोह का?

प्रश्न: नमस्कार. निवडणूक जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर प्रचाराच्या क्लिप्स सुरू होतात. परवा एक आली, आधी जळणाऱ्या गाड्या, मग विरोधी उमेदवाराचा फोटो, मग एका समाजाचे लोक स्पष्ट ओळखू येतील असे शॉट्स आणि शेवटी "यांना मत म्हणजे देशाच्या शत्रूला मत". काका म्हणतात हा सरळसरळ देशद्रोह आहे, पोलिसात द्या. भाऊ म्हणतो फ्री स्पीच आहे, काही होत नाही. कोण बरोबर? (एक वाचक)

उत्तर: दोघंही नाही. काकांचा राग कळतो, पण ते ज्याला देशद्रोह म्हणतायत ते कायद्यातलं राजद्रोहाचं कलम, आणि ते इथे चुकलंय. त्या क्लिपमध्ये चिखलफेक कुणावर आहे बघा, एका उमेदवारावर आणि एका समाजावर. राजद्रोहाचा विषय राज्यव्यवस्था, आणि उमेदवार म्हणजे राज्यव्यवस्था नव्हे, तो मंत्री असला तरी नव्हे.

हे कलम १२४अ इंग्रजांनी १८७० मध्ये दंडसंहितेत घातलं आणि टिळकांवर चालवलं, १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणासाठी दीड वर्ष, १९०८ मध्ये सहा वर्षं मंडाले. तेव्हा सरकारबद्दल 'अप्रीती' पसरवली एवढं पुरायचं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं कलम ठेवलं पण आवळलं, हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा रोख असेल तरच. १९९५ चा बलवंत सिंग निकाल तर वाचण्यासारखा आहे. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंदीगडला थिएटरबाहेर दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या, लोकांनी लक्ष दिलं नाही, कुठे काही पेटलं नाही, आणि कोर्ट म्हणालं एवढ्यानं राजद्रोह होत नाही. आता त्यापुढे तुमची क्लिप ठेवून बघा.

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं १२४अ चा वापर थांबवायला सांगितलं आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम १५२ आहे, फुटीरता, सशस्त्र बंड वगैरेला चिथावणी देऊन देशाची एकता धोक्यात आणणं, शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. मला विचाराल तर हे कलम जरा जास्तच ढगळ शिवलंय, पण ओढूनताणूनही प्रचाराची जाहिरात त्यात बसवू नये. कारण असं हत्यार निवडणुकीत उतरलं की ते ज्याच्या हातात पोलीस त्याचंच होतं. अमेरिकेच्या संविधानात देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवलीय, देशाविरुद्ध युद्ध किंवा शत्रूला मदत, तेही एकाच कृत्याचे दोन साक्षीदार किंवा भर कोर्टात कबुली. तरी १७९८ मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनी राजद्रोहाचा वेगळा कायदा करून विरोधी संपादकांना आत टाकलंच! मॅथ्यू लायन नावाचा एक खासदार तर तुरुंगात असताना पुन्हा निवडून आला.

आता भाऊ. काही होत नाही हे चूक, उलट निवडणूक कायद्याचा मार जास्त झोंबतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३अ), धर्म, जात, भाषा, समाज यावरून मतदारांमध्ये द्वेष पसरवणं हे भ्रष्ट आचरण, सिद्ध झालं तर निवडणूकच रद्द. १२५ खाली तोच प्रकार गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक, प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांवरून रमेश प्रभूंची आमदारकी हायकोर्टानं १९८९ मध्ये रद्द केली, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं, आणि बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. राजद्रोहाचं नावही न घेता हे सगळं झालं.

मेख एकच. भ्रष्ट आचरण उमेदवारानं, त्याच्या एजंटनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलेलं असावं लागतं, आणि 'आमच्या कुठल्यातरी उत्साही चाहत्यानं बनवलंय' हे उत्तर तयारच असतं. म्हणून क्लिप कुठून आली ते शोधणं महत्त्वाचं. पक्ष किंवा उमेदवार टीव्हीवर, सोशल मीडियावर जाहिरात देतो तेव्हा ती आधी निवडणूक आयोगाच्या माध्यम समितीकडून पास करून घ्यावी लागते, तेव्हा तक्रारीत पहिला प्रश्न हाच टाका की हिला प्रमाणपत्र होतं का. छापील पत्रक असेल तर खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा, नसेल तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ खाली तेवढाच वेगळा गुन्हा होतो. आयोगाचं सी-व्हिजिल ॲप पोस्टर-बॅनरला चांगलं, पण ते जागेवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ मागतं, गॅलरीतली क्लिप घेत नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये स्क्रीनशॉट, तारीख, कुठल्या पेजवर दिसली ते लिहून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. निवडणूक रद्द करायची याचिका मात्र हायकोर्टात, निकालानंतर ४५ दिवसांच्या आत, आणि ती त्या मतदारसंघाचा मतदार करू शकतो, म्हणजे काकाही करू शकतात.

फक्त तोवर 'बघा किती घाणेरडा प्रचार' असं लिहून ती क्लिप दहा ग्रुपवर टाकू नका म्हणावं त्यांना. समाजासमाजात तेढ पसरवण्याचं न्याय संहितेतलं कलम १९६ फक्त उमेदवारांना लागतं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.