पाच मुली, जिंकणार एक: मग बाकीच्या चौघींनी करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीतल्या पाच मुलींची टीम आहे. सायकलची शर्यत आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन परत, म्हणजे पन्नासएक किलोमीटरची. सगळ्यांत ताकदवान मुलगी दिवसभर पुढे राहून वारा झेलत बाकीच्यांना ओढते आणि शेवटच्या स्प्रिंटला मागे पडते. प्रोफेशनल टीम यापेक्षा वेगळं काय करतात?

सुरुवात संख्येपासून करू. पुरुषांच्या तूर द फ्रान्सला प्रत्येक टीमचे आठ जण असतात, बायकांच्या तूरला सात, बायकांच्या वर्ल्ड टूरच्या (सर्वोच्च पातळीच्या) इतर बहुतेक शर्यतींना सहाच. म्हणजे घोळक्याला (एकत्र चाललेल्या मुख्य गटाला) तासन्‌तास काबूत ठेवायला माणसंच पुरत नाहीत. एकेका मदतनीस मुलीचा दम एकदाच वापरता येतो. तो कुठे वापरायचा हे टीम आदल्या दिवशी नकाशा समोर ठेवून ठरवते. दुसरीच्या चाकामागे नीट बसलं की सपाटीवर साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणून लीडरला, म्हणजे जिला जिंकवायचं तिला, शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत वारा लागूच द्यायचा नाही. तुमची सगळ्यांत ताकदवान मुलगी नेमकं हेच उलटं करते आहे.

तुमच्या मार्गावर सगळ्यांत मोठं हत्यार वाराच आहे. पहाटेचे मतलई वारे अगदी हलके असतात, त्यामुळे जाताना काही घडणार नाही. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते पश्चिम-वायव्येकडून जोरात येतात. परतीला तुम्ही दक्षिणेकडे निघालेल्या, समुद्र उजव्या हाताला, म्हणजे वारा उजवीकडून आणि थोडा पाठीमागून. अशा वाऱ्यात वेग आधीच जास्त असतो, त्यामुळे एकदा तुटलेली रायडर परत येऊन मिळणं फार कठीण.

अशा वेळी रांग सरळ न ठेवता तिरकी करायची. पहिली मुलगी मोकळ्या रस्त्याच्या उजव्या बाजूला, दुसरी तिच्या किंचित डावीकडे आणि मागे, तिसरी तिच्या डावीकडे, असं रस्त्याच्या डाव्या कडेपर्यंत. पहिलीने आपल्या उजवीकडे एका सायकलीपुरती जागा सोडावी, कारण पुढे ओढायची पाळी संपली की ती वाऱ्याच्या बाजूलाच सरकून मागे जाते आणि पुढे येणाऱ्यांना आडोसा देते. ती डावीकडे सरकली तर अख्खी रांग विस्कटते, आणि पडापडीही बहुतेक अशीच होते. रस्ता अर्धाच मोकळा असेल तर त्यात पाच-सहा जणीच मावतात. म्हणजे तुमच्या पाच जणी पुढे असल्या की सातवी-आठवी डाव्या कडेच्या वाळूत आणि खडीत, आडोशाविना. दोन-तीन मिनिटं पूर्ण जोर लावला की मागे तुकडे पडतात.

हे सुरू करायची जागा आधी हेरून ठेवा. नारळी-पोफळीच्या बागांतून रस्ता उघड्या सड्यावर (कातळाच्या माळावर) किंवा समुद्राच्या कड्यावर येतो ते वळण. तिथे पोहोचण्याच्या अर्धा किलोमीटर आधीच पाचही जणी घोळक्याच्या पुढे हव्यात. वळणानंतर पुढे यायला निघालात तर उशीर झालेला असतो. रस्ता वाहतुकीला बंद नसेल तर मात्र हा प्रकार अजिबात करू नका.

आता पुढे पळालेल्यांचा पाठलाग. ढोबळ हिशोब असा की मन लावून ओढणारा घोळका दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. वीस किलोमीटर उरले असताना पुढचीला चार मिनिटं मिळाली असतील तर शर्यत जवळजवळ गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) हेच घडलं. ऑस्ट्रियाची आना किझनहोफर त्या शर्यतीत आपल्या देशाची एकटीच होती. ती पहिल्याच किलोमीटरला पळाली आणि पुढे तिच्या गटाला दहा मिनिटांवर आघाडी मिळाली. नेदरलँड्सकडे चौघी होत्या आणि चौघीही एकट्याने शर्यत मारू शकणाऱ्या. वेळेवर स्वतःला खर्ची घालणारी कोणी नव्हती. ऑलिंपिकमध्ये टीमशी बोलायला कानात रेडिओ नसतो. किझनहोफरच्या गटातल्या मागे पडलेल्या दोघींना गाठल्यावर पुढे आणखी कोणी आहे हे नेदरलँड्सच्या मुलींच्या लक्षातच आलं नाही. त्यांची फान फ्लेउटन हात उंचावत आली ती दुसऱ्या क्रमांकाला, सव्वा मिनिट मागे. तुमच्या शर्यतीतही रेडिओ नसेल, तेव्हा पुढे किती जणी आणि किती सेकंदांवर हे पाटीवर लिहून दाखवायला दोन ठिकाणी माणूस उभा करा.

पाठलागात दोघींनीच आळीपाळीने अर्ध्या-एक मिनिटाची पाळी घ्यायची. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही. जिच्यात जास्त दम आहे तिने जास्त वेळ ओढावं, जास्त जोरात नाही. झटका दिला की मागची सहकारीच आधी तुटते.

आणि आपली मुलगी पुढे पळालेली असेल तर मागच्यांनी अजिबात ओढायचं नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या चाकाला चिकटून बसा, त्या कितीही ओरडल्या तरी. शेवटच्या चौघींत तुमच्या दोघी असतील तर आळीपाळीने हल्ला करा. एक सुटली की दुसरी गप्प बसते, पहिली पकडली गेली की त्याच क्षणी दुसरी सुटते. पकडणाऱ्या तेव्हा धापा टाकत असतात.

पाणी आणायचं काम एकीला आधीच नेमून द्या. दमट हवेत तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, त्यात मीठ हवंच. बाटल्या घ्यायला मागे जायचं ते वाडीतल्या आडोशाच्या सपाट रस्त्यावर, चढाच्या किंवा सड्याच्या आधी कधीच नाही.

लीडरजवळ शेवटपर्यंत एक मुलगी राहिलीच पाहिजे. २०२४ च्या बायकांच्या तूरमध्ये पाचव्या टप्प्यात पिवळी जर्सी घातलेली, म्हणजे एकूण वेळेत पहिली असलेली, डेमी फोलरिंग शेवटच्या सहाएक किलोमीटरमध्ये पडली. तिची सहकारी ब्लांका वाश पुढे जाऊन टप्पा जिंकली. फोलरिंगचं पावणेदोन मिनिटांच्या आसपास नुकसान झालं आणि अखेर ती एकूण शर्यत कासिया नेवियादोमाकडून ४ सेकंदांनी हरली. कोणी थांबली असती तर काय झालं असतं यावर वाद चालतो. माझं मत विचाराल तर ४ सेकंद एका सहकारी मुलीच्या आडोशात नक्की वाचले असते.

पंक्चर झालं तर डिस्क ब्रेकचं चाक बदलण्यापेक्षा सायकलच देऊन टाकणं लवकर होतं. त्यासाठी ही सोबतीण लीडरच्याच उंचीची हवी आणि दोघींचे पेडल एकाच प्रकारचे हवेत. शिमानोची क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लुकच्या पेडलमध्ये बसत नाही, आणि रस्त्याच्या कडेला ते कळून उपयोग नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघींना एकमेकींच्या सायकलवर पाच किलोमीटर चालवायला लावा.

स्प्रिंट त्यामानाने सोपी. शेवटच्या दोन किलोमीटरला तिघी पुढे, लीडर चौथी, पाचवी तिच्या मागचं चाक राखायला. वारा समोरून असेल तर लीडरला शेवटच्या रेषेआधी दीडशे मीटरवर सोडा, पाठीमागून असेल तर अडीचशेवर. सरावासाठी एमआयडीसीतला रुंद रस्ता रविवारी पहाटे रिकामा असतो. तिथे सोडायच्या खुणा खडूने आखून घ्या.