वारसा नाकारणे आणि हक्क सोडून देणे

वारशाने मिळणारा हिस्सा आपण लेखी नाकारला, तर तो थेट आपल्या बहिणीला मिळेल का, असा आपला प्रश्न आहे. मिळेलच असे नाही. नकारामुळे हक्क नाकारणाऱ्यापासून दूर होतो एवढेच. तो पुढे कोणाकडे जाईल हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो, आणि त्या क्रमात बहिणीच्या आधी आपल्या मुलांचा नंबर लागू शकतो.

हक्क स्वीकारण्यापूर्वी नाकारला, तर तो आपल्याकडे कधी आलाच नव्हता, असे अनेक देशांचे कायदे मानतात. जर्मनीत वारशाबद्दल समजल्यापासून त्यासाठी साधारणपणे ६ आठवडे मिळतात. तिथे मृताची कर्जेही वारसाकडे येत असल्याने ही मुदत फार महत्त्वाची ठरते. अमेरिकेच्या संघीय करकायद्यात ही मुदत सर्वसाधारणपणे ९ महिन्यांची असून, नाकारणाऱ्याने तोवर मिळकतीचा लाभ घेतलेला नसावा आणि ती कोणाला द्यावी हेही सुचवू नये, अशी अट आहे. एकदा भाडे खिशात टाकले की नकाराची वेळ सरली. त्यानंतर जे होते त्याला करखाते हस्तांतरणच समजते.

भारतातील हक्कसोडपत्राची रीत निराळी आहे. सहहिस्सेदार आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडतो, त्यामुळे बहीण सहहिस्सेदार असेल तर दस्तात तिचे नाव स्पष्ट लिहिता येते. मात्र स्थावर मिळकतीचा असा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. वडील हयात असताना, पुढे कधीतरी वारसा मिळेल या नुसत्या आशेचे हस्तांतरण करण्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याची मनाई आहे, तरीही असे कागद सर्रास करून घेतले जातात.

करारातील हक्क सोडणे त्या मानाने सोपे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ नुसार धनको कर्ज पूर्णतः किंवा अंशतः माफ करू शकतो आणि त्यासाठी मोबदलाही लागत नाही. पण आपला हक्क कोणता आहे हे माहीत असून तो जाणीवपूर्वक सोडलेला असला पाहिजे. केवळ गप्प राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. शिवाय जो हक्क केवळ आपल्या लाभासाठी नाही, तो आपल्याला सोडताही येत नाही: बशेशर नाथ खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या मूलभूत हक्काबाबत हेच ठरवले.

देशही असे त्याग करतात. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने फोर्मोसावरील, म्हणजे तैवानवरील, सर्व हक्क सोडले, पण ते कोणाला मिळावेत हे तहात लिहिलेच नाही, आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे.

आपल्याला हिस्सा बहिणीलाच द्यायचा असेल, तर नुसता नकार देऊ नका. तिच्या नावाचे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र यांपैकी काय योग्य ते वकिलाकडून ठरवून घ्या, आणि त्याआधी मिळकतीचे उत्पन्न आपण घेतले आहे का हे त्यांना जरूर सांगा.