कॅमेरा घेतलास, आता हे ऐक

राजा, कॅमेरा आला म्हणून लगेच ताडोब्याकडे धावू नकोस. आधी आपल्या गावचा पोळा टिप. तोरण तुटलं की बैल उधळतात, तेव्हा शटरचा वेग निदान १/५०० सेकंद ठेव, नाहीतर शिंगं पुसट येतील. आणि गुडघ्यावर बस. उभ्याने काढलं तर बैलाची नुसती पाठ दिसते.

नवख्याला खरा फसवतो तो कापूस. वेचणीच्या वेळी शेत पांढरंशुभ्र असतं, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चकतो आणि फोटो करडा येतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे उजेड दुप्पट घे, पण बोंडातले धागे दिसताहेत ना, ते बघ. वेचणाऱ्या बायांना आधी विचार आणि प्रत घरी नेऊन दे. हे मी फार मानतो.

पोटासाठी लग्नं घे, पासपोर्टचे फोटो काढ, पिकांच्या नुकसानीचेही काढ. मी सगळं केलं, कुठलंच काम हलकं मानलं नाही. ३६ फ्रेमच्या रोलवर लग्नं काढताना जी नजर बसली, तीच पुढे मेळघाटात कामी आली.

आणि उन्हाळ्यात फुफाट्यात लेन्स बदलू नकोस. बदलायचीच झाली तर खोलीत, पंखा बंद करून.