तारे जन्मणाऱ्या वायुमेघांचं अंतर कसं मोजतात? मृगातल्या तेजोमेघाचा आकडा दर ठिकाणी वेगळा का?

तुम्ही विचारलंय की तारा निदान ठिपक्यासारखा दिसतो, पण ढगाला धड कडाही नसते, मग त्याचं अंतर काढतात कशावरून? आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं अंतर जुन्या पुस्तकांत 1500 प्रकाशवर्षं, नंतरच्या लेखांत 1350, तर कुठे 1270 असं का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. मेघाचं अंतर थेट मोजता येत नाही. मेघाच्या आत, पुढे किंवा मागे असलेल्या एखाद्या ठिपक्याचं अंतर मोजतात आणि मग त्या ठिपक्याचं मेघाशी नातं सिद्ध करतात. ठिपका बदलला की आकडा हलतो. मी अशा मेघांच्या रेडिओ निरीक्षणांवर काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

खात्रीच्या सगळ्या पद्धतींचा पाया एकच, पॅरॅलॅक्स, म्हणजे पराशय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने आपण एकाच ताऱ्याकडे 30 कोटी किलोमीटर लांब असलेल्या दोन जागांवरून बघतो आणि तो मागच्या फार दूरच्या ताऱ्यांसमोर किंचित सरकलेला दिसतो. सरकणं मोजलं की पुढचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं. फ्रीडरिश बेसेलने 1838 मध्ये 61 सिग्नी या ताऱ्यासाठी ते करून दाखवलं. कोन होता आर्कसेकंदाच्या साधारण एक तृतीयांश, आणि आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. मृगातल्या तेजोमेघासाठी हाच कोन सुमारे 2.5 मिलिआर्कसेकंद आहे, बेसेलच्या कोनाच्या सव्वाशेव्या हिश्शाइतका. पसरट, धूसर उजेडावर इतका बारीक कोन मोजणं अशक्यच, म्हणून ठिपका शोधावा लागतो.

जवळच्या मेघांसाठी, म्हणजे साधारण 2 ते 3 हजार पार्सेकपर्यंत (एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं), मला सगळ्यात देखणी वाटते ती धुळीची पद्धत. या मेघांत मुख्यतः हायड्रोजन असतो, पण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास बारीक धूळही असते. ती मागून येणारा प्रकाश अडवते, निळा जास्त आणि तांबडा कमी. म्हणजे मेघामागचा तारा मंद आणि तांबूस दिसतो, मेघापुढचा जसाच्या तसा राहतो. रस्त्यावर धुक्याचा एखादा पट्टा आडवा पसरला की अलीकडचे दिवे स्वच्छ आणि पलीकडचे मलूल दिसतात. प्रत्येक दिवा किती लांब आहे हे ठाऊक असेल, तर धुक्याचा पट्टा कुठे आहे हे लगेच कळतं.

कल्पना नवी नाही. माक्स वोल्फ याने 1920 च्या दशकातच काळ्या मेघांवरचे आणि बाजूच्या मोकळ्या आकाशातले तारे मोजून अंतराचा अंदाज बांधला होता. कमी होती ती दिव्यांच्या अंतरांची. ती भरून काढली युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीने. डिसेंबर 2013 मध्ये ती अवकाशात गेली आणि एप्रिल 2018 मध्ये तिने 130 कोटींहून अधिक ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स सगळ्यांसाठी खुले केले. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत त्यातली चूक मिलिआर्कसेकंदाच्या काही शतांश भागांइतकीच.

वृषभेतल्या मेघाचा असा आलेख मी काढला आहे. आडव्या अक्षावर ताऱ्याचं अंतर, उभ्यावर त्याचा तांबूसपणा. सुरुवातीला सगळे ठिपके तळाशी, शून्याला चिकटून. मग 140 पार्सेकच्या आसपास ते एकदम वर उडतात आणि त्यापुढे क्वचितच एखादा खाली येतो. ती उडी जिथे आहे, तिथे मेघ. पहिल्यांदा बघताना थक्क व्हायला होतं, कारण वायूचा एकही कण न मोजता वायूची जागा कळलेली असते.

खरी मेहनत मात्र उडीच्या डाव्या बाजूला आहे. मेघ जवळ असेल तर आपल्या आणि त्याच्या मधल्या निमुळत्या शंकूत तारे मावतातच थोडे, त्यामुळे तिथला एखादा चुकीचा ताराही उडीला अलीकडे किंवा पलीकडे ओढतो. जोडतारे यात फार त्रास देतात. तारा आपल्या जोडीदाराभोवती फिरताना डुलतो आणि ते डुलणं पॅरॅलॅक्समध्ये मिसळतं. असे तारे आधी वेगळे काढावे लागतात. शिवाय ताऱ्याचा मूळ रंग माहीत नसेल तर तांबूसपणा धुळीचा की त्याचा स्वतःचा हे कसं ठरवणार? त्यासाठी दृश्य आणि अवरक्त प्रकाशातली अनेक मोजमापं एकत्र धरतात. कॅथरीन झकर आणि सहकाऱ्यांनी 2019 आणि 2020 मध्ये अनेक मेघांची अंतरं याच वाटेने काढली आणि चूक 5 टक्क्यांच्या आसपास आणली. त्यातूनच 2020 मध्ये रॅडक्लिफ वेव्ह दिसली. मृग आणि ययातीसह अनेक तारकासमूहांतले मेघ सुमारे 9000 प्रकाशवर्षं लांबीच्या एका नागमोडी पट्ट्यात ओवलेले निघाले. हे मेघ आकाशात वेगवेगळ्या दिशांना दिसतात. अंतरं कच्ची होती तोवर तो आकार कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

आता मृगाचे आकडे. 1981 मध्ये पाण्याच्या मेसर ठिपक्यांच्या हालचालींवरून (मेसर म्हणजे काय ते पुढे येईल) 480 पार्सेक हे अंतर निघालं, चूक 80 पार्सेक इकडे किंवा तिकडे. प्रकाशवर्षांत हे साधारण 1560. पुस्तकांतला 1500 त्याच सुमाराचा. 2007 मध्ये अमेरिकेच्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने तेजोमेघातल्या काही तरुण ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स थेट मोजला. या ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं इतकी जोरकस असतात की ते रेडिओ लहरींत टोकदार ठिपक्यासारखे चमकतात. उत्तर आलं 414 पार्सेक, म्हणजे 1350 प्रकाशवर्षं. 2017 मध्ये त्याच जाळ्याने जास्त तारे आणि जास्त काळ घेऊन मोजलं, तेव्हा 388 पार्सेक निघालं, म्हणजे 1265 प्रकाशवर्षं, तुम्हाला दिसलेला 1270 हाच. गायाचे आकडे 400 च्या आसपास येतात. आता 1981 चा आकडा त्याच्या चुकीच्या मर्यादेसकट वाचा: 400 ते 560. आजचं उत्तर त्याच्या काठावर का होईना, बसतं. मर्यादा गाळून नुसतं 1500 छापत राहिल्यामुळे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. ज्यांनी मोजलं त्यांनी ती प्रामाणिकपणे लिहिली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आणखी एक. मेघाचं एकच अंतर असतं हे गृहीतकही फार ताणू नये. हा तेजोमेघ ज्या मोठ्या मेघाचा भाग आहे, त्या ओरायन ए मेघाचं डोकं आपल्यापासून 400 पार्सेकवर आणि शेपूट 470 पार्सेकच्या आसपास आहे, हे 2018 मध्ये गायाच्या डेटावरून दिसलं. आपल्याला तो आखूड भासतो कारण त्याची शेपटी आपल्यापासून लांब, मागे गेलेली आहे. प्रत्यक्षात तो 90 पार्सेक लांब आहे, पूर्वी समजत होते त्याच्या दुप्पट.

दूरच्या मेघांची गोष्ट वेगळी. आकाशगंगेच्या पातळीत बघताना एकामागे एक मेघ येतात, तारे दिसेनासे होतात आणि गायाने दृश्य प्रकाशातच मोजलं असल्याने तिचाही इलाज चालत नाही. तिथे वर्षानुवर्षं वापरात असलेली पद्धत वेगाची. मेघातला कार्बन मोनॉक्साइड 2.6 मिलिमीटरच्या लहरी सोडतो, त्या धुळीतून आरपार येतात. लहरींची लांबी किती बदलली त्यावरून मेघ आपल्याकडे येतोय की दूर चाललाय आणि किती वेगाने, ते कळतं. आकाशगंगा केंद्रापासून किती अंतरावर किती वेगाने फिरते हे माहीत आहे, मग हा वेग कुठे बसतो ते शोधायचं.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, आपल्यापेक्षा केंद्राच्या जवळ असलेल्या भागात एकच वेग एकाच दिशेला दोन जागी बसतो, एक जवळची आणि एक दूरची. यावर एक सुंदर तोडगा आहे. मेघात थंड अणुरूप हायड्रोजनही असतो. मेघ जवळच्या जागी असेल, तर दूरच्या जागेवरचा त्याच वेगाचा गरम हायड्रोजन त्याच्या मागून 21 सेंटिमीटरच्या लहरी पाठवतो आणि मेघ त्या शोषतो. वर्णपटात नेमक्या त्याच वेगाला खाच पडते. मेघ दूरच्या जागी असेल तर सहसा खाच दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त घातक. मेघ निमूटपणे वर्तुळात फिरतात हे खरं नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डब्ल्यू3ओएच, आकाशगंगेच्या पर्सियस नावाच्या सर्पिल भुजेतला तारकानिर्मितीचा प्रदेश. वेगावरून त्याचं अंतर 4 हजार पार्सेकपेक्षा जास्त येत होतं. तेजस्वी ताऱ्यांवरून त्याच्या जवळपास निम्मं येत होतं आणि वाद मिटत नव्हता. 2006 मध्ये तिथल्या मिथेनॉल मेसरचा पॅरॅलॅक्स मोजला गेला: 1950 पार्सेक, चूक फक्त 40. वेगाची पद्धत दुपटीहून अधिक फसली होती, कारण तो मेघ आकाशगंगेच्या सर्वसाधारण फिरण्यापेक्षा सेकंदाला 20 किलोमीटरहून जास्त वेगळ्या गतीने चालला आहे.

मेसर म्हणजे निसर्गातला सूक्ष्मलहरींचा लेसर. जन्मणाऱ्या मोठ्या ताऱ्याभोवती पाण्याचे किंवा मिथेनॉलचे रेणू एका ठरावीक लहरीवर कमालीचे चमकतात आणि ते ठिपके इतके लहान असतात की हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरलेल्या, 8000 किलोमीटरहून लांब जाळ्यालाच नीट दिसतात. ठिपक्याची जागा शेजारच्या एखाद्या क्वेसारच्या तुलनेत वर्षभर अधूनमधून मोजायची. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र, इतकं दूर की ते हलताना दिसत नाही. हवेतली वाफ लहरींना उशीर करते, म्हणून दुर्बिणी मेसर आणि क्वेसार यांच्यात सतत मागेपुढे फिरवत ठेवतात. पाण्याचे ठिपके तर काही महिन्यांत विझतातही, मग वर्षभराची मोजणी अर्ध्यावर तुटते. मिथेनॉलचे जास्त टिकतात.

हे सगळं एवढं जिवावर घेऊन का करायचं? कारण अंतर चुकलं की पाठोपाठ सगळं चुकतं. मेघाचं वस्तुमान त्याच्या चमकेवरून काढतात आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. अंतर निम्मं झालं की वस्तुमान चौथ्या हिश्शावर येतं, पण मेघ स्वतःच्या गुरुत्वाने बांधून राहायला जितकं वस्तुमान लागतं ते फक्त निम्मं होतं. म्हणजे जो मेघ कोसळून तारे घडवणार असं वाटत होतं, तो नुसत्या अंतराच्या दुरुस्तीने विरून जाणारा ठरू शकतो.

मेसरच्या पद्धतीची झेप मोठी आहे. 2017 मध्ये आकाशगंगेच्या केंद्रापलीकडच्या, 66 हजार प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या एका प्रदेशाचा पॅरॅलॅक्स मोजला गेला, कोन 49 मायक्रोआर्कसेकंद. व्हीएलबीए वापरून केलेलं बेसेल नावाचं सर्वेक्षण आणि जपानचं व्हेरा हे रेडिओ दुर्बिणींचं जाळं यांनी मिळून असे सुमारे 200 प्रदेश मोजले आहेत आणि त्यांवरून आकाशगंगेच्या भुजांचा नकाशा काढला आहे. पण ही दोन्ही जाळी उत्तर गोलार्धात आहेत. आकाशगंगेचा जो भाग फक्त दक्षिणेतूनच नीट दिसतो, तिथे मोजलेले प्रदेश अजून मोजकेच आहेत आणि तिथल्या बहुतेक मेघांचं अंतर आजही वेगावरूनच काढलेलं आहे. त्या भागातल्या एखाद्या मेघाचा आकडा वाचलात, तर तो 30 टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो असं धरूनच वापरा.